पाना नाही? डोकं तर आहे!

दोस्तांनो, एसटीच्या अगदी शेवटच्या बाकावर बसून तुम्ही कधी प्रवास केलाय का? केला असेल, तर या लेखातली निम्मी गोष्ट तुम्हांला आधीच ठाऊक आहे! गतिरोधक आला, की पुढचे काका नुसते डुलतात. पण मागच्या बाकावरचे तुम्ही मात्र चांगले वीतभर उडता. मागचा बाक चाकांच्याही मागे असतो ना, म्हणून सी-सॉच्या टोकावर बसल्यासारखी आपली गत होते.

आता कल्पना करा, की चाक आणि बाक यांच्यामध्ये काहीच नाही. नुसता लोखंडी सांगाडा. मग काय झालं असतं? वीतभर नव्हे, चांगले हातभर उडलो असतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा आपल्या मणक्यात मोजला असता. बैलगाडीतून शेतावर गेलेल्यांना हे सांगायला नको!

हे सगळे धक्के मधल्या मधे गिळून टाकणारी जी यंत्रणा असते, तिला सस्पेन्शन म्हणतात. आज आपण तिच्याविषयी बोलणार आहोत. पण नुसतं पुस्तकातलं नाही हं! घरच्या अंगणात, महागडी हत्यारं जवळ नसताना हे काम कसं केलं जायचं, कुठवर करता येतं आणि कुठे मुकाट्यानं हात मागे घ्यावा लागतो, ही खरी आजची गोष्ट आहे.

धक्का जातो कुठे?

टांगा पाहिलाय का कधी? निदान चित्रात तरी पाहिला असेलच. त्याच्या बैठकीखाली धनुष्यासारख्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या प्रत्येक पट्टीला म्हणतात पाटा आणि सगळ्या पाट्यांची मिळून होते कमान. चाक वर उचललं गेलं, की कमान सरळ होते आणि पुन्हा वाकते. धक्का तिनं पोटात घेतलेला असतो. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्या कारागिरानं १८०४ च्या सुमारास अशा कमानींचं पेटंट घेतलं आणि घोडागाड्यांचा प्रवास एकदम सुखाचा झाला. ट्रकच्या मागच्या चाकांजवळ वाकून पाहिलंत, तर तीच कमान आजही दिसेल.

दुसरा प्रकार म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग. बॉलपेनात असते तशीच, पण मनगटाला धरता येईल एवढी जाड! आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना ही असते.

पण स्प्रिंगमध्ये एक खोड आहे. एकदा दाबली, की ती खालीवर, खालीवर करतच राहते. तिला आवरायला एक शिस्तीचा मास्तर लागतो. तो म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर. गॅरेजवाले त्याला नुसतं ‘शॉकअप’ म्हणतात. त्याच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. तेलाला त्या भोकांतून घुसमटत जावं लागतं, म्हणून हालचाल मंदावते. धक्क्यातली शक्ती शेवटी तेल गरम करण्यात खर्च होते. म्हणजे रस्त्यावरचा खड्डा शेवटी तेलाची ऊब होऊन हवेत जातो. आहे की नाही गंमत?

स्प्रिंगचा कायदा शोधला रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं. या गृहस्थानं काय केलं, १६७६ साली, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी, आपला शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला. दुसऱ्या कुणी चोरू नये म्हणून! मग १६७८ मध्ये स्वतःच त्याचं उत्तर सांगितलं. त्याचा अर्थ असा : जसा ताण, तसं बळ. दुप्पट ओढा, दुप्पट जोर लागेल. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

अण्णांचा नियम

आता चला दौंडला. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. मुंबई-सोलापूरच्या लोहमार्गाला मनमाडकडून येणारा फाटा इथे मिळतो. हा फाटा १८७८ साली सुरू झाला. तेव्हापासून गावाचं घड्याळ गाड्यांच्या वेळांवर चालतं. आमचे अण्णा रेल्वेत फिटर होते. डब्यांच्या आणि वाघिणींच्या चाकांपाशी त्यांचा सगळा दिवस जायचा. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे ठाऊक आहे ना? जुन्या चारचाकी वाघिणींना पाट्यांच्या कमानी असत आणि प्रवासी डब्यांना गुंडाळीच्या स्प्रिंगा.

१९९४ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. अण्णांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची हीच ती गाडी. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटोसुद्धा आले होते. तर या पद्मिनीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाट्यांच्या कमानी.

आमच्या आजीला सिद्धटेकला जायचं होतं. शिरापूरपर्यंत गाडीनं आणि पुढे नावेनं भीमा ओलांडून, असा बेत. पण पहिल्याच फेरफटक्याला मागून ‘खडाक्’ असा आवाज यायला लागला आणि आजीनं पाठीला हात लावला. अण्णा गाडीखाली डोकावले. “डाव्या कमानीचा एक पाटा मोडलाय. आन् बुशचं रबर पार भुगा झालंय,” त्यांनी जाहीर केलं.

बुश म्हणजे काय? कमानीचं टोक गाडीच्या सांगाड्याला जिथे अडकवलेलं असतं, तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून बसवलेली रबराची बांगडी.

मी म्हटलं, “अण्णा, तुमच्याकडे तर कामावर सगळी हत्यारं आहेत. घेऊन या ना दोन दिवस!”

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्पच झालो. “रेल्वेची हत्यारं रेल्वेत. घरी एक पानासुद्धा आणायचा नाही. कळलं?”

झालं! घरी होतं काय? चार-पाच पाने, एक पक्कड, दोन हातोड्या, गाडीबरोबर आलेला जॅक आणि बाजारातून आणलेला दुसरा एक जॅक. यावरच भागवायचं होतं. आणि दोस्तांनो, खरं सांगतो, त्या आठ दिवसांत मी जितकं शिकलो, तितकं दोन वर्षांत वर्गात शिकलो नाही.

नळाचा पाईप आणि रॉकेलची वाटी

पहिली अडचण म्हणजे गंज. कमान अॅक्सलला घट्ट धरून ठेवणारे यू-बोल्ट जागचे हलेनात. अण्णांनी जोर लावला नाही. त्यांनी आट्यांवरची माती तारेच्या ब्रशनं साफ केली, त्यावर रॉकेल आणि ऑइल सोडलं आणि सरळ जेवायला बसले! “रात्रभर भिजू दे. वेळ हेसुद्धा हत्यारच असतं, ते फुकट मिळतं म्हणून कुणी वापरत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पान्याच्या दांड्यावर नळाच्या पाईपचा तीन फुटी तुकडा चढवला. गॅरेजमध्ये याच कामासाठी लांब दांडा मिळतो. हा त्याचा गरीब भाऊ. गणित अगदी सोपं आहे. बोल्टपासून एक फुटावर तुम्ही ३० किलोचा जोर लावलात, तर जी पीळ बसते, तिच्या तिप्पट पीळ तेवढ्याच जोरात तीन फुटांवरून बसते. विहिरीवरचा रहाट, पहार, अडकित्ता यांचं सगळ्यांचं मर्म हेच.

मात्र इथे अण्णांचा एक नियम होता. पाईप लावायचा तो फक्त सोडवताना. आवळताना कधीच नाही. कारण सोडवताना बोल्ट तुटला, तर एक बोल्ट गेला. आवळताना जास्त पिळला, तर तो तुटत नाही, आतून ताणला जातो आणि मग रस्त्यात तुटतो. शिवाय पाईपवर लोंबकळायचं नाही, अंगाकडे ओढायचा आणि पाय पक्के रोवायचे. पाना निसटला, तर माणूस तोंडावर आपटायला नको!

बोल्टनं ओढलेला बुश

मोडका पाटा बदलायला कमान बाहेर काढली. आता कमानीच्या डोळ्यात घट्ट बसलेला जुना बुश काढायचा होता. मी हातोडी उचलली. अण्णांनी ती काढून घेतली. “ठोकून रबर निघत नाही, नुसतं चेंबतं.”

त्यांनी काय केलं, ते नीट वाचा. एक लांब बोल्ट घेतला. बुशच्या एका बाजूला, बुशपेक्षा किंचित लहान अशी लोखंडी चकती. दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा मोठ्या तोंडाचा पाईपचा आखूड तुकडा, त्यावर जाड वॉशर आणि मग नट. बोल्ट या सगळ्यांतून आरपार. आता नट आवळत गेलं, की चकती बुशला ढकलते आणि बुश अलगद सरकत पाईपच्या तुकड्यात येऊन बसतो! नवा बुशही असाच, उलट्या दिशेनं, आत ओढून घ्यायचा. गॅरेजमधला दाबयंत्राचा भाव खाणारा बोल्ट, म्हणा ना!

का जमतं हे? बोल्टाचे आटे म्हणजे गुंडाळलेला घाट. घाटरस्ता वळणं घेत घेत चढतो, म्हणून जड ट्रकसुद्धा वर जातो. तसंच नट एक अख्खा वेढा फिरतं, तेव्हा पुढे सरकतं जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. अंतर कमी, पण जोर प्रचंड.

नवा बुश आत जाताना अडायला लागला, तेव्हा मी ग्रीसचा डबा पुढे केला. अण्णांनी मान हलवली आणि आजीकडून साबणाचं पाणी मागून घेतलं. ग्रीस पेट्रोलियमचं असतं, त्यानं रबर फुगतं आणि लवकर खराब होतं. साबणाचं पाणी काम झालं, की वाळून जातं.

दोन हातोड्या आणि कांद्याचा काटा

शेजारच्या काकांच्या गाडीचा पुढचा बॉल जॉइंट निघत नव्हता, तेव्हा आणखी एक युक्ती पाहायला मिळाली. या सांध्याचा दांडा पाचरीसारखा निमुळता असतो आणि भोकात घट्ट रुतून बसलेला असतो. तो काढायचं खास हत्यार मिळतं. अण्णांनी नट थोडं सैल करून आट्यांवर तसंच ठेवलं, म्हणजे सांधा सुटल्यावर एकदम खाली कोसळू नये. मग भोकाच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, दोन हातोड्यांनी एकाच क्षणी ठोका दिला. तिसऱ्या ठोक्याला ‘टक्’! भोक क्षणभर दबून अंडाकृती होतं आणि पाचरीची पकड सुटते. हातोडी सांध्याच्या दांड्यावर एकदाही मारली नाही, हे लक्षात घ्या. आट्यांवर मारली असती, तर नट पुन्हा कधी बसलंच नसतं.

माझी सगळ्यांत आवडती युक्ती मात्र पुढची. यू-बोल्टचं नट किती आवळायचं, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते मोजायला टॉर्क रेंच लागतो. तो कुठून आणायचा? आमच्या घरी कांद्याच्या पिशव्या तोलायचा हुकाचा लटकता काटा होता. अण्णांनी काट्याचा हुक पान्याच्या टोकाला अडकवला!

समजा, पुस्तकात ६ किलोग्रॅम-मीटर लिहिलंय. पाना बरोबर अर्धा मीटर लांब आहे. मग काटा १२ किलो दाखवेपर्यंत ओढायचं. कारण १२ गुणिले अर्धा बरोबर ६. फक्त काटा पान्याशी काटकोनात हवा, तिरका नको. आता आठवा तो हूक साहेब! काट्याच्या पोटात काय असतं? स्प्रिंगच. जसा ताण, तसं बळ. एका स्प्रिंगची गाडी दुरुस्त करायला दुसरी स्प्रिंग धावून आली!

आणि हो, बुशमधून जाणारे बोल्ट शेवटचे आवळले ते चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन कमानीवर आल्यानंतर. गाडी वर टांगलेली असताना आवळले असते, तर खाली येताच रबराला पीळ बसला असता आणि नवा बुशही काही महिन्यांत फाटला असता.

पुढची चाकं सरळ आहेत का, हे अण्णांनी गवंड्याचा ओळंबा आणि सुतळी घेऊन पाहिलं. ओळंब्यानं चाक किती कललंय ते कळतं. दोन्ही बाजूंना गाडीच्या लांबीला समांतर सुतळी ताणून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजलं, की चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, ते कळतं. हे ढोबळ मोजमाप. पुढे गॅरेजमध्ये यंत्रावर तपासून घ्यायचंच. पण तिथपर्यंत गाडी सरळ जायला ते पुरेसं होतं.

जॅक घसरला, तेव्हा

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

कामाच्या पहिल्याच दिवशी अण्णांनी जॅकनं गाडी उचलली आणि आम्हांला वाटलं, आता हे आत शिरणार. पण त्यांनी अर्धा तास नुसती तयारी केली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. जॅकखाली जाड फळी. आणि सांगाड्याखाली भंगारच्या वखारीतून विकत आणलेले जुन्या लाकडी स्लीपरचे ठोकळे, आडवे-उभे रचून. माझा मोठा भाऊ म्हणाला, “एवढं कशाला? विटा आहेत की मागं!” अण्णा म्हणाले, “वीट दाबाखाली वाकून इशारा देत नाही. ती एकदम फुटते.”

चौथ्या दिवशी दुपारी एक नट घरंगळत गाडीखाली गेलं. मी पालथा पडून हात आत घातला आणि खांद्यापर्यंत आत सरकलो. “मागं सर!” अण्णांचा असा आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. मी झटक्यात मागे आलो. तेवढ्यात अंगणातल्या मुरमात फळीचं एक टोक खचलं, जॅक तिरका झाला आणि निसटला. गाडी ‘धप्’ करून खाली आली. किती? फक्त दोन बोटं. कारण खाली ठोकळे होते.

कुणी काहीच बोललं नाही. आजीनं माझा हात धरून मला ओसरीवर नेलं. अण्णा तिथेच उकिडवे बसून राहिले. थोड्या वेळानं मला जवळ बोलावून म्हणाले, “जॅक उचलण्यासाठी असतो. धरून ठेवण्यासाठी नसतो. पाना नसला तर पाईप चालतो, काटा चालतो. पण ठोकळ्याला पर्याय नाही. हे ज्याला कळलं, तोच खरा मिस्त्री.”

ते नट नंतर अण्णांनी लांब काठीनं बाहेर काढलं.

जिथे जुगाड थांबतो

काम उरकत आलं होतं, तेव्हा गल्लीतले आणखी एक शेजारी मारुती ८०० घेऊन आले. तिच्या पुढच्या चाकाचा शॉकअप गेला होता. या गाडीत शॉकअपच्या भोवतीच स्प्रिंग बसवलेली असते आणि ती दाबलेल्या अवस्थेत वरच्या एका नटानं धरून ठेवलेली असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यानं गेल्या शतकाच्या चाळिशीत ही रचना काढली. आजच्या बहुतेक लहान मोटारींत तीच आहे.

“भाऊ, तुम्ही एवढं केलंत. स्प्रिंगला जाड तारेनं आवळू आन् वरचं नट काढू. तासाभराचं काम!” शेजारी म्हणाले.

अण्णांनी हातातली हातोडी खाली ठेवली. “नाही. हे मी घरी करणार नाही.”

शेजाऱ्यांना राग आला. मलाही आश्चर्य वाटलं. पण चला, आपण गणित करू. समजा, एक सेंटिमीटर दाबायला २५ किलो जोर लागतो, अशी स्प्रिंग आहे. ती १५ सेंटिमीटर दाबली. हूकच्या नियमानं जोर झाला ३७५ किलो! तिच्यात जी शक्ती साठली, तिनं २८ किलोचं पोतं एक मीटर उंच उचलता येईल. आणि स्प्रिंगचं स्वतःचं वजन समजा दोन किलो. तार तुटली आणि सगळी शक्ती त्या दोन किलोंनाच मिळाली, तर? कागदावरच्या हिशेबानं ती स्प्रिंग १४ मीटर वर जाईल. म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत! आणि मध्ये कुणाचं तोंड आलं, तर...? पुढचं मी लिहीत नाही.

अशी स्प्रिंग दाबून धरायचं एक वेगळं हत्यार असतं. अण्णा शेजाऱ्यांना घेऊन सोलापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गेले. मीही गेलो. तिथल्या मिस्त्रींनी हत्याराच्या पकडी स्प्रिंगवर बसवल्या, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, समान आवळलं आणि स्वतः कधीही स्प्रिंगच्या तोंडासमोर उभे राहिले नाहीत. आपल्यापेक्षा वयानं लहान असलेल्या त्या मिस्त्रींचं काम अण्णा हात मागे बांधून पाहत होते. परत येताना शेजारी हळूच म्हणाले, “बरं झालं भाऊ, ऐकलंत नाही माझं.”

मोडक्या पाट्याचं काय झालं?

तो फेकला नाही! कमानीचं पोलाद मोठं गुणी. वाकलं, तरी पुन्हा सरळ होणारं आणि धार धरणारं. पावसाळ्याच्या तोंडावर बाजाराजवळ घिसाड्यांची पालं पडायची. बाई भाता हलवायची, माणूस ऐरणीवर घण घालायचा. अण्णांनी पाट्याचा तुकडा त्यांना दिला. तो तापून लाल झाला, ठोकून पातळ झाला आणि पाण्यात ‘चर्र’ करून बुडाला. याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. आजीसाठी खुरपं तयार झालं.

तुमच्याही भागात ऊसतोडणीच्या टोळ्या येत असतील, तर त्यांच्या हातातला कोयता पाहा. असे कितीतरी कोयते गाड्यांच्या जुन्या पाट्यांपासूनच घडवलेले असतात. ज्या पोलादानं ट्रकमधल्या उसाचं ओझं सोसलं, तेच पुढे ऊस तोडतं!

असं टाकाऊतून घडवणारे हात महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून एक छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. ही गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हेही त्यांनी सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. पाहिलंत? कल्पकतेला शाबासकी आणि सुरक्षिततेला मान, दोन्ही एकाच वेळी देता येतात.

करून पाहा

१. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर निम्मी ठेवून आतलं टोक जड पुस्तकांखाली दाबा. बाहेरच्या टोकाला दोऱ्यानं छोटी पिशवी टांगा. पाच नाणी टाका, पट्टी किती वाकली ते मोजा. मग दहा नाणी टाका. दुप्पट वाकली का? आता एकाऐवजी दोन सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवा. तेवढ्याच नाण्यांना निम्मीच वाकेल. झाली तुमची कमान!

२. सुई नसलेली प्लॅस्टिकची नवी सिरिंज घ्या. रिकामी असताना दट्ट्या दाबा. मग पाणी भरून दाबा. हळू दाबलंत, तर सहज जाईल. जोरात दाबलंत, तर अडेल. शॉकअपचं गुपित हेच.

३. आई-बाबांना बरोबर घेऊन, गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि हँडब्रेक लावून उभी करा. एक कोपरा मोठ्यांना जोरात खाली दाबून सोडायला सांगा. गाडी वर येऊन स्थिरावली, तर ठीक. डुलतच राहिली, तर शॉकअप दाखवून घ्यायला हवा.

४. रेल्वे स्टेशनवर गेलात, की फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या आत उभे राहून समोरच्या रुळावरच्या डब्याची चाकं न्याहाळा. स्प्रिंगा मोजा पाहू!

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही

मुलांना अंगणातल्या कामापासून हाकलू नका. पाना धरू द्या, नट डबीत ठेवायला सांगा, काट्यावरचा आकडा वाचायला सांगा. पण गाडीखाली त्यांचा हातसुद्धा जाऊ देऊ नका. आणि एखादं काम आपल्याच्यानं घरी होणारं नसेल, तर ते मुलांसमोर मोकळेपणानं म्हणा. ‘हे मला जमत नाही’ असं वडील म्हणाले, म्हणून त्यांची किंमत मुलाच्या मनात कमी होत नाही. माझ्या मनात तर ती वाढलीच.

आणि आजीचं काय झालं? जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत आम्ही सिद्धटेकला जाऊन आलो. खड्डे होतेच, पण ‘खडाक्’ नव्हतं. परतताना आजीला मागच्या बाकावर चक्क झोप लागली. अण्णांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी आणखी थोडी हळू केली.

ते खुरपं अजून आमच्या घरी आहे. दांडा दोनदा बदलला, पण पोलाद तेच. तुमच्या घरात असं काय काय आहे, जे आधी दुसरंच काहीतरी होतं? शोधून ठेवा आणि आम्हांला जरूर कळवा!